कोको पिणाऱ्यांचं बेट

कालिदोनिया, पनामा शहर
३ मार्च २००६

प्रिय एलो,

फोनवर काही बोलता येत नाही म्हणून हे पत्र. बेटावरच्या त्या एकुलत्या एका फोनपाशी तुझ्यामागे दहा माणसं कान देऊन उभी असतात, आणि माझं पडसंसुद्धा संध्याकाळी सभागृहात चर्चेला येतं. त्यापेक्षा विमानाने तिकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती हे देईन. चुका लाल शाईने काढून परत पाठवू नकोस. तू मास्तरीण असलीस तरी मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे.

मी मजेत आहे. निक्सियाचं घर सातव्या मजल्यावर. खिडकीतून समुद्र दिसतो, कालव्यात शिरायला थांबलेली जहाजं दिसतात. पोरगी हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला जाते ती चारला परत येते. तोवर मी स्वयंपाक करून ठेवतो. चाळीस वर्षं अमेरिकनांच्या छावणीत चारशे माणसांची न्याहारी केली, आता दोघांची करतो. मीठ मात्र हातून चारशेंचंच पडतं.

सांगायची गोष्ट निराळी आहे. इथल्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंनी, सालदान्या त्यांचं आडनाव, मला एका अभ्यासात घेतलंय. सत्तरीच्या आसपासच्या म्हाताऱ्यांना रोज एक पुडी कोको प्यायला द्यायचा आणि मधूनमधून त्यांचं डोकं तपासायचं. हस, खुशाल हस. मीही हसलो. म्हटलं, बाई, बेटावरच्या गुना माणसाला कोको पाजायला निघालात, आता माशाला पोहायला शिकवा. त्या म्हणाल्या, आजोबा, तुमच्याच बेटांवरून तर ही गोष्ट निघाली. बेटावरच्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब वाढत नाही आणि तीच माणसं शहरात राहायला आली की वाढतो, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. मग शोधत शोधत गाडी कोकोवर आली. त्यात एक कडू द्रव्य असतं, फ्लेवोनॉइड त्याचं नाव. मी ते तीनदा लिहून पाठ केलंय. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, मेंदूला रक्त जास्त पोचतं, म्हणजे विसरणंही कमी होत असेल, असा अंदाज आहे. अंदाज, बरं का. खरं काय तेच त्या शोधतायत.

गंमत अशी की पुड्या दोन तऱ्हेच्या. अर्ध्यांत ते द्रव्य आहे, अर्ध्यांत नाही. रंग तोच, चव तीच. कुणाला कुठली मिळते ते बाईंनाही ठाऊक नाही. मला खात्री आहे, माझी खोटी आहे. तपासणीत पंधरा शब्द वाचून दाखवतात, मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात, आणि अर्ध्या तासाने म्हणतात, सांगा ते शब्द. मला चार आले.

तुझ्या नवऱ्याला, लिसांद्रोला, बसवायला हवं त्यांच्यासमोर. सभागृहात गावचे प्रमुख झुल्यात बसून दोन दोन तास गाणार आणि हा उठून ओळीन् ओळीचा अर्थ गावाला समजावणार, एक शब्द न गाळता. त्याला पंधरा शब्द म्हणजे दात कोरण्यासारखं.

तर एक काम कर. आईच्या बागेतल्या, ओढ्याकाठच्या झाडांचा दोन शेर वाळवलेला कोको पाठव. अभ्यास चालू असताना बाहेरचा कोको प्यायचा नाही अशी अट आहे. पण आईचा कोको बाहेरचा कसा?

तुझा
आतिलियो

इग्वादुब
२१ मार्च

प्रिय दादा,

पत्र पोचलं. चुका अकरा आहेत. परत पाठवत नाही, कारण पत्र ठेवून घ्यायचं आहे.

कोको पाठवते आहे. पण बाईंना फसवू नकोस. नको म्हणाल्या असतील तर काही कारण असेल. तू लहानपणी ताप उतरायच्या आत अंघोळ करायचास आणि मार मला पडायचा, तसं करू नकोस.

लिसांद्रो बरा आहे. खातो, पितो, कोकोच्या पाच वाट्या दिवसाला लागतात. बहुतेक झुल्यात असतो. सभागृहात हल्ली जात नाही, गुडघा धरतो म्हणून. मीही फारशी बाहेर पडत नाही. वारा अजून पडलेला नाही, रोज लाटा घरामागच्या भिंतीपर्यंत येतात.

चार शब्द म्हणजे काय वाईट नाही. मला तरी किती आले असते.

निक्सियाला माया. तिला सांग, आत्या तिची वाट बघते.

एलोदिया

पनामा शहर
१० एप्रिल

प्रिय एलो,

कोको मिळाला. निक्सिया कामावर गेली की दाणे भाजतो, कुटतो, केळं घालून उकळतो. सगळ्या मजल्यावर वास सुटतो. शेजारची बाई जाळीतून विचारत होती, काय जाळताय. तिला जाळीतूनच वाटीभर दिला. जाळीतून एवढ्याचसाठी की जाताना निक्सिया दाराबाहेरच्या लोखंडी जाळीला कुलूप घालून जाते. इकडे चोऱ्या फार.

आणि ऐक, एप्रिलच्या तपासणीत सहा शब्द आले. सहा! डॉक्टरबाई नुसत्या हसल्या. मी मनात म्हटलं, हसा, हे तुमच्या पुडीचं काम नाही, आमच्या आईच्या बागेचं आहे.

तेव्हा मी काय म्हणतो, मला तिकडे येऊ दे. चार दिवसांसाठी नाही, कायमचा. तो कोको, ते मासे, पायाखाली वाळू. मला चुलीच्या झोपडीत झुला टांगून दे, बास. लिसांद्रोबरोबर बसेन. तो मला गावाच्या गोष्टी सांगेल, मी त्याला छावणीच्या. मे महिन्यात येतो. विमानाचं निक्सिया बघेल, तिला अजून सांगितलेलं नाही. आधी तुझा होकार येऊ दे.

डॉक्टरबाईंनी मला एका अभ्यासात घेतलंय ते तुला लिहिलं होतं का? पुड्या दोन तऱ्हेच्या असतात.

तुझा
आतिलियो

इग्वादुब
३० एप्रिल

प्रिय दादा,

या वर्षी येऊ नकोस.

छपराची शाकारणी काढली आहे, अर्धं घर उघडं आहे. भरतीला पाणी चुलीपर्यंत येतं. इथे डॉक्टर नाही, आरोग्यकेंद्रात कधी औषध असतं तर कधी माणूस असतो. तुझी तिथे नीट काळजी घेतली जाते आहे. निक्सियाला सोडून येणं बरं दिसत नाही.

पुढच्या वर्षी बघू.

पुड्यांचं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस.

एलोदिया

पनामा शहर
१२ मे

एलोदिया,

शाकारणीचं मला सांगतेस? त्या घरावर मी तू जन्मायच्या आधीपासून चढतोय. सगळं गाव लागतं आणि दोन दिवसांत छप्पर होतं. तुझं काम वर्षभर कसं चालणार?

घर आईचं आहे. बागही आईची. अठराव्या वर्षी मी शहरात आलो तो काही हक्क सोडून नाही. लिसांद्रो लग्न करून आपल्या घरी राहायला आला तेव्हा मीच सुट्टी काढून येऊन त्याला सोबत घेऊन रान साफ केलं होतं. आता त्याला वाटत असेल की म्हातारा आला तर वाटणी मागेल. त्याला सांग, मला एकही झाड नको. मला बसायला जागा हवी आहे.

मी तुला खोटं लिहिलं. चोऱ्यांमुळे कुलूप नाही. जानेवारीत मी पाव आणायला खाली उतरलो आणि छावणीच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. दोन बस बदलून गेलो असेन, मला आठवत नाही. तिथल्या पहारेकऱ्याला म्हटलं, आत सोड, न्याहारीची पाळी माझी आहे, साडेचारशे अंडी फोडायची आहेत. छावणी बंद होऊन सात वर्षं झाली, एलो. तिथे आता कसली तरी गोदामं आहेत. पोरगा भला होता, त्याने मला खुर्ची दिली आणि पाकिटातला नंबर बघून निक्सियाला फोन केला. त्या दिवसापासून कुलूप आहे. तिचा दोष नाही. काम सोडलं तर दोघं खाणार काय?

मागच्या मंगळवारी पाचव्या मजल्यावर कुणाच्या तरी कढईने पेट घेतला. जिन्यातून धूर वर आला. माणसं पोरंबाळं घेऊन खाली धावली. शेजारच्या बाईने आमची जाळी दोन्ही हातांनी हलवून बघितली, म्हणाली, आजोबा, किल्ली? मी म्हटलं, पोरीकडे. ती थोडा वेळ थांबली, मग तीही गेली. मी ओला टॉवेल तोंडाला लावून खिडकीत उभा राहिलो. आग लगेच विझली, काही झालं नाही. पण त्या वेळात निक्सियाच्या हॉटेलचं नाव मला आठवेना. ते आजही आठवत नव्हतं, आत्ता तिच्या गणवेशावर वाचून आलो.

तिला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती मला म्हाताऱ्यांच्या सदनात ठेवेल. तिथेही कुलूपच.

आता तूही दार लावलंस.

आणखी एक. डॉक्टरबाई जूनमध्ये बेटांवर येणार आहेत, तिकडच्या म्हाताऱ्यांची तपासणी करायला. मी त्यांना सांगितलंय, इग्वादुबला सर्वांत आधी लिसांद्रोच्या घरी जा. माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढू नका.

आतिलियो

इग्वादुब
३ जून

दादा,

डॉक्टरबाईंना आमच्या घरी पाठवू नकोस. कृपा करून. त्यांना म्हणावं, आम्ही समोरच्या किनाऱ्यावरच्या रानात राहायला गेलो आहोत, कधी येऊ माहीत नाही. गावात इतर म्हातारे पुष्कळ आहेत.

वाटणीचं तू लिहिलंस त्याचं उत्तर देत नाही. तुझ्या मनात तसं नव्हतं हे मला ठाऊक आहे.

आजच्या विमानाने पाठवते आहे. वेळेत पोचू दे.

एलोदिया

इग्वादुब
२५ जून

प्रिय दादा,

ज्या विमानाने माझी चिठ्ठी गेली त्याच विमानातून तुझ्या डॉक्टरबाई उतरल्या. मी चिठ्ठी वैमानिकाच्या हाती दिली तेव्हा त्या माझ्या शेजारीच सामान मोजत उभ्या होत्या. मला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. धावत घरी आले. दुपारी दारात उभ्या. म्हणाल्या, आतिलियो आजोबांनी पाठवलंय, लिसांद्रो आजोबा कुठे आहेत?

आता तुला सगळं लिहिते. एकेक करून लिहिते, नाहीतर अर्धंच सांगून होईल आणि मी थांबेन.

लिसांद्रोला तिसरं वर्ष आहे. सुरुवात सभागृहातच झाली. प्रमुखांनी गायलं, हा अर्थ सांगायला उठला आणि मधेच थांबला. सगळं गाव बाकांवर बसून वाट बघत होतं. प्रमुखांनी तीच ओळ पुन्हा गायली, त्याची चूक झाकायला. हा उभाच. मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाला, बाई, आपण इथे कशासाठी जमलो आहोत? त्या संध्याकाळनंतर तो तिकडे गेला नाही. त्याच्या जागी आता दुसरा आहे. चांगला सांगतो.

मागच्या ऑगस्टमध्ये मी चुलीपाशी असताना तो होडी घेऊन गेला. वल्हं न घेता. बुडी मारून शेवंड पकडणाऱ्यांना तो खडकांच्या रांगेपलीकडे, उघड्या समुद्रात सापडला. ऊन डोक्यावर आलं होतं. होडीत शांत बसला होता म्हणे. त्यांना म्हणाला, आई बोलावते आहे, बागेत कोको तोडायचा आहे. त्या दिवसापासून त्याच्या पायाला दोरी आहे. दुसरं टोक घराच्या मेढीला. घोट्याला मऊ फडकं गुंडाळते, रोज बदलते. दोरी दारापर्यंत पुरते, दाराबाहेर पुरत नाही. मी गावातल्या नळावर पाण्याला जाते तेव्हा दोनदा गाठ बघते आणि धावत परत येते. गावाला ठाऊक आहे. बायका मासे आणून देतात, बसतात, पण कुणी दोरीकडे बघत नाही. न बघणंच मला सहन होत नाही, म्हणून मी हळूहळू दार ओढून घ्यायला लागले.

तू मला कुलपाचं लिहिलंस तेव्हा पत्र हातात धरून मी त्या दोरीकडे बघत होते.

डॉक्टरबाईंनी दोरी बघितली. खाली वाळूत मांडी घालून बसल्या आणि त्याला पंधरा शब्द वाचून दाखवले. तो नीट ऐकत होता. मग त्यांनी विचारलं, आजोबा, कुठले आठवतात? तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही फार छान गाता."

मग त्यांनी कागदावरचे प्रश्न मला विचारले. कोको दिवसाला किती? मी म्हटलं, पाच वाट्या. कधीपासून? म्हटलं, आईचं दूध सुटलं तेव्हापासून. त्यांनी लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "आजी, एका माणसावरून काही ठरत नाही."

मी म्हटलं, "खरं आहे. पण माझ्या घरात एकच माणूस आहे."

दादा, बागही नाही. नऊ वर्षांपूर्वी फळं झाडावरच काळी पडली, वर पिठासारखी पांढरी बुरशी. रोग ओढ्याकाठून सुरू झाला. लिसांद्रोने एकेक करून सगळी झाडं तोडली आणि जाळली. आता आम्ही पितो तो कोको कोलंबियाच्या व्यापारी होड्यांवरून नारळ देऊन घेतलेला. तुला पाठवला तोही तोच. तुझे सहा शब्द आईच्या बागेतून आलेले नाहीत. मला तेव्हाच लिहायला हवं होतं, पण तू इतक्या आनंदाने लिहिलं होतंस.

तुला येऊ नको म्हटलं ते शाकारणीमुळे नाही, वाटणीमुळे नाही. तू पुड्यांची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितलीस तेव्हा मला कळलं. लिसांद्रोचं असंच सुरू झालं होतं. मला वाटलं, तू इथे येशील, त्याला बघशील आणि त्याच्यात स्वतःला बघशील. आणि मग एक दिवस असा येईल की मला तुलाही बांधावं लागेल. एका माणसाच्या पायाला दोरी बांधायलाच माझे दोन्ही हात लागतात. दुसऱ्यासाठी माझ्याकडे हात नाही.

एलोदिया

पनामा शहर
९ जुलै

माझी एलो,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चार वेळा असं मी मागच्या पानावर रेघा मारून ठेवलंय, म्हणून माहीत आहे.

लिसांद्रोसाठी मी रडलो. मग बागेसाठी रडलो. मग निक्सिया घरी आली, तिला पत्र वाचायला दिलं आणि कढईच्या आगीचंही सांगितलं. ती जाळीपाशी जाऊन उभी राहिली. कुलूप हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. म्हणाली, बाबा, मी काय करू ते तुम्हीच सांगा. मी तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली आणि आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो. मी कबूल केलं की बाहेरचा कोको प्यायलो. त्या रागावल्या नाहीत, पण माझं नाव खोडलं. नियमच आहे, नाहीतर सगळ्यांचे आकडे खोटे ठरतात. मी विचारलं, आता तरी सांगा, माझी पुडी खरी होती का खोटी? त्या म्हणाल्या, मलाच ठाऊक नाही. कुणाला कुठली पुडी दिली त्याची बंद पाकिटं दोन वर्षांनी उघडतील, मग तुम्हाला पत्र लिहीन. मी म्हटलं, लिहा, पण तेव्हा ते कोण वाचेल ते सांगता येत नाही.

मग त्यांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं. सुरुवात आहे. काही बरे महिने जातील, कदाचित दोन वर्षं, कदाचित तीन. कोकोने काही झालं तर थोडं होईल. जे गेलंय ते परत आणेल असं औषध त्यांना माहीत नाही. बाई चांगल्या आहेत. खोटा धीर दिला असता तर मला त्या आवडल्या नसत्या.

तुझ्या घरून आल्यापासून त्यांना झोप लागत नाही म्हणाल्या. दोरीमुळे का, असं निक्सियाने विचारलं. त्या म्हणाल्या, दोरीपेक्षा आजी एकट्या आहेत त्यामुळे.

एलो, मी हिशेब केला आहे. इथे मी दिवसभर जाळीआड आहे आणि पलीकडे कुणी नाही. तिथे तू दिवसभर दोरीशी आहेस आणि तुझ्या जागी बसणारं कुणी नाही. माझं डोकं अजून दिवसातला बराच वेळ जागेवर असतं. तेवढा वेळ मी लिसांद्रोपाशी बसेन. तू नदीवर जा, सभागृहात जा, बायकांत बस. त्याला बघून मला स्वतःचं पुढचं दिसेल म्हणतेस. ते मला इथेही दिसतं, खिडकीच्या काचेत. तिथे निदान माझ्या ओळखीच्या माणसाच्या तोंडावर दिसेल.

दवाखान्यात सगळ्यावर सही करून घेतात. तसा हा माझा कागद. जपून ठेव.

मी, आतिलियो मार्तिनेस, वय चौऱ्याहत्तर, आज ९ जुलै २००६ रोजी, शुद्धीवर असताना लिहून देतो की, वेळ आली तर माझ्या बहिणीने मला बांधावं. त्या वेळी मी आरडाओरडा केला, शिव्या दिल्या, तिला ओळखलं नाही, तरी ते खरं धरू नये. हा कागद खरा धरावा. निक्सिया साक्षीदार आहे, तिने खाली सही केली आहे.

येऊ का?

तुझा दादा

इग्वादुब
२० जुलै

दादा,

ये.

चुलीच्या झोपडीत नाही, घरात झुला टांगते.

कागदात तीन चुका आहेत. तशाच ठेवल्या आहेत.

एलोदिया

इग्वादुब
१४ ऑक्टोबर

बाळ निक्सिया,

तुझं पत्र आणि कपडे मिळाले. तू लिहिलंस की बाबा इकडे आले तरी कामावर जाताना तू सवयीने कुलूप लावतेस, आणि मग बसमध्ये बसल्यावर रडू येतं. बाळ, तू काही वाईट केलेलं नाहीस. ज्यांनी कधी कुणाला कोंडून ठेवलेलं नाही, त्यांना दोष देणं सोपं जातं. माझ्याकडे बघ आणि निश्चिंत राहा.

तुझे बाबा बरे आहेत. स्वयंपाक तेच करतात, सगळं खारट होतं, लिसांद्रो आवडीने खातो. दोघांचं जमलं आहे. बाबा छावणीच्या गोष्टी सांगतात, त्याच त्याच, आणि लिसांद्रोला त्या दर वेळी नव्या. दोनदा बाबांनी सकाळी उठून फाटक कुठे आहे असं विचारलं. एकदा धक्क्यापर्यंत गेले, बायकांनी हाताला धरून परत आणलं. तुझ्यापासून लपवणार नाही.

बाबा आल्यापासून मी घर सोडलं नव्हतं. त्या दोघांना ठेवून बाहेर पडायचं मन होईना. बाबा रोज म्हणायचे, जा ना, मी आहे. शेवटी काल मी गेले. होडी घेऊन समोरच्या किनाऱ्यावर, नदीवर, एकटी, तीन वर्षांनी. कपडे धुतले, पाणी भरलं, मानेपर्यंत नदीत बसले. जिथे आमची बाग होती तिकडेही जाऊन आले. नुसतं गवत आहे.

निघायची वेळ झाली आणि निक्सिया, वल्हं उचलवेना. होडीत बसून राहिले. परतायचंच नाही असं मनात आलं. तुझ्यावाचून हे कुणाला लिहिणार? पलीकडच्या गावाला वळावं, कुणाच्या तरी घरी झुला मागावा आणि दोन दिवस फक्त झोपावं. ऊन कलेपर्यंत तशीच बसले होते. मग त्या दोघांना भूक लागली असेल असं वाटलं आणि हात आपोआप चालायला लागले.

घरापाशी आले तर काहीच आवाज नव्हता. पाण्याची भांडी तशीच टाकून आत गेले.

दोघं शेजारी शेजारी जमिनीवर बसले होते. मेढीची गाठ सोडलेली होती. दोरीचं एक टोक लिसांद्रोच्या पायाला होतंच, दुसरं तुझ्या बाबांनी आपल्या पायाला बांधून घेतलं होतं. घोट्याला फडकंही गुंडाळलं होतं, मी गुंडाळते तसंच, मऊ बाजू आत.

मी विचारलं, "दादा, हे काय केलंस?"

म्हणाले, "तू गेल्यावर थोड्या वेळाने मला आठवेना, की मी याच्यावर लक्ष ठेवतोय का हा माझ्यावर. म्हटलं, दोघांनाही बांधून घेऊ. मी उठून निघालो तर हा मागे ओढेल. हा निघाला तर मी."

लिसांद्रो झोपेला आला होता. डोकं बाबांच्या खांद्यावर टेकलेलं.

मी गाठ सोडायला खाली वाकले. बाबांनी माझा हात धरला, म्हणाले, राहू दे, आणखी थोडा वेळ. तू पाणी आत आण.

मी पाणी आत आणलं. दार उघडंच ठेवलं आणि तिथेच उंबऱ्यावर मासे साफ करायला बसले.

तुझी आत्या